अकरा अंडी आणि सोडलेला चहा

हसायचं असेल तर आधीच पोटभर हसून घ्या, म्हणजे मधे मला थांबवायला नको. आणि हातातला चहा संपवून टाका. ह्या सगळ्या प्रकरणात दोष कुणाचा असेल तर तो चहाचा आहे. माझा थोडासा. बरं, निम्मा!

तेव्हा आम्ही कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला राहायचो. गल्लीत केबल नुकतीच आली होती आणि लोक दिवसभर टीव्ही बघायचे. मी मात्र परसात बसून माझ्या कोंबड्या बघायचे. पाच कोंबड्या, एक कोंबडा. सगळ्या गावरान. औषध नाही, पावडर नाही, पोत्यातलं खाद्य नाही. सकाळी कोमट पाणी, मूठभर बाजरी, त्यात ठेचलेला लसूण नि चिमूटभर हळद. थंडी वाढली की खुराड्यात उसाचा वाळका पाला अंथरायचा, वरून गोणपाट टाकायचं. तुऱ्यांना खोबरेल तेलाचं बोट लावायचं. हसू नका, थंडीत तुरे फुटतात त्यांचे!

तर त्या साली दिवाळी झाली आणि कोंबड्यांची पिसं झडायला लागली. चौघींच्या माना उघड्या पडल्या. पाचवी तर अशी दिसायला लागली की जणू कुणी तिला अर्धी सोलून सोडून दिलीय. आणि अंडी? बंद!

आमचे हे शाहूपुरीत विजेच्या सामानाच्या दुकानात कामाला होते. त्यांच्याकडे जगातल्या सगळ्या अडचणींवर एकच उपाय. ते शंभर वॅटचा बल्ब घेऊनच आले.

"खुराड्यात लावूया. उजेड वाढला की अंडी सुरू. आमचे शेठ म्हणत होते."

"देवानं सूर्य दिलाय, तेवढा पुरे," मी म्हटलं. "थंडीत दिवस लहान, म्हणून त्या विसावा घेत्यात. तुम्ही नाही रविवारी झोपत?"

"माझा रविवार दोन महिने चालत नाही!" हे म्हणाले. "ऐक, संक्रांतीपर्यंत वाट बघतो. अंडी नाहीत, पिल्लं नाहीत, तर सगळ्या कोंबड्या मुरगूडला ताईकडे."

मुरगूडच्या आमच्या वन्सं स्वभावानं फार मायाळू. पण कोंबडी दिसली की त्यांना आधी तांबडा-पांढरा रस्सा दिसतो. त्या पाचींना मी पिल्लं असल्यापासून पदराखाली वाढवलेलं.

पण मी काय ऐकणारी होते? मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आला. घट मांडला, कथा वाचली, आरती केली आणि सगळ्यांच्या देखत हात जोडून म्हटलं, "आई अंबाबाई, माझ्या कोंबड्यांची अकरा अंडी मिळेपर्यंत मी चहा सोडला!"

हे हसले. आमच्या आत्याबाई मात्र मट्‌कन खालीच बसल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. सकाळचा पहिला चहा आम्ही दोघी स्वयंपाकघरात पाटावर बसून घ्यायचो. त्यांना एकटीला चहा गोड लागायचा नाही, तीन चमचे साखर घातली तरी.

"अगं, भात सोड, भाकरी सोड," त्या म्हणाल्या. "चहा का म्हणून?"

"आवडतं तेच सोडायचं असतं, आत्याबाई."

गल्लीत मी गरीब स्वभावाची म्हणून ओळखली जाते. पण चहा सोडल्यावर तिसऱ्या दिवशी मी दुधाच्या पातेल्याशी भांडले. चौथ्या दिवशी कपाळाला सुंठ लावून फिरत होते. पाचव्या दिवशी ह्यांनी "भाजीला मीठ कमी आहे का गं?" एवढंच विचारलं, तर मी रडले.

आणि आठव्या दिवशी सकाळी खुराड्यात हात घातला तर काय? अंडं! बदामी रंगाचं, टपोरं!

मी तशीच हातात अंडं धरून घरभर नाचले. हे चष्मा लावून बघायला लागले. "एवढं मोठं? गावरान कोंबडीचं?"

"बल्बाशिवायचं आहे ना, म्हणून!" मी ठसक्यात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दोन. मग एक. मग परत दोन. आठवड्यात अकरा पूर्ण! तेही नेमके गुरुवारी! मी घटासमोर बसून चहा घेतला तेव्हा आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, भक्तीचं.

आता तुमच्यासारख्या हुशार माणसांना काही गोष्टी खटकल्या असत्या. मी चहा घेत नव्हते, तरी चहाची पावडर का संपत होती? आत्याबाई रोज पहाटे देवळात जायला लागल्या, पण येताना परडी पदराखाली का? आणि अंड्यांना वास येत होता तो कसला? मला यातलं काही म्हणजे काही खटकलं नाही. पावडरीचा आळ मी ह्यांच्यावर घेतला आणि मोकळी झाले.

दुसऱ्या दिवसापासून अंडी परत बंद.

"बघितलंत?" मी ह्यांना म्हटलं. "मागितली तेवढीच दिली. अकरा म्हणजे अकरा. याला म्हणतात देव!"

मग मला आणखी चेव आला. ही अंडी खायची नाहीत, बसवायची! आमच्यातली एकही कोंबडी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसणारी, नव्हती. पण भिंतीपलीकडच्या रुक्मिणीआक्कांची एक कोंबडी खुडूक होऊन कुणालाही टोचत सुटली होती.

आत्याबाई एकदम म्हणाल्या, "बसवतीस कशाला? खाऊन टाकूया की!"

"आत्याबाई! मार्गशीर्षात अंडी?"

ज्या बाईनं आयुष्यात कधी सोमवारी कांदा चिरला नाही, ती मार्गशीर्षात अंडी खायला निघाली होती! मी मनात म्हटलं, वय झालं बिचारीचं.

आक्कांची कोंबडी आली. बांबूच्या पालथ्या डालग्याखाली अंडी मांडली, मधे लोखंडी खिळा ठेवला, हळदीकुंकू वाहिलं, कोंबडी बसली. आणि मी गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगून आले, "संक्रांतीला हळदीकुंकवाला यायचं हं. अंबाबाईच्या प्रसादाची पिल्लं बघायला मिळतील!"

आठ दिवसांनी आक्का बॅटरी घेऊन आल्या. "चल गं, अंडी उजेडावर धरून बघूया. भरल्यात का पोकळ हाईत, लगेच कळतंय."

"आक्का, देवीनं दिलेली अंडी मी तपासायची? ते काही जमायचं नाही!"

"न्हाय न्हाय!" आत्याबाई आतून धावतच आल्या. "देवाच्या वस्तूला बॅटरी दावत न्हाईत!"

काय अभिमान वाटला मला आत्याबाईंचा!

एकविसावा दिवस आला. काही नाही. "थंडी आहे, लागतो एखादा दिवस," मी म्हटलं. बाविसाव्या दिवशी कोंबडीनंसुद्धा माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघितलं.

तेविसाव्या दिवशी संक्रांत. परसात पंधरा बायका, हातात तिळगूळ, नजर डालग्यावर. हे दारात उभे. आक्कांनी डालगं उचललं, एक अंडं काढून कानापाशी हलवलं.

"डुचमळतंय," त्या म्हणाल्या. दुसरं हलवलं. तिसरं. "ही सगळी बाद हाईत गं बाई."

कोंबडी उठली, अंग झाडलं आणि निघून गेली. ती तरी किती दिवस धीर धरणार?

दुसरी कुणी असती तर खाली मान घालून आत गेली असती. मी पदर खोचला. "बाद नाहीत! माझीच भक्ती कमी पडली! आई अंबाबाई, पिल्लं निघेपर्यंत मी परत चहा सोड..."

"नगं!!"

असा आवाज मी आत्याबाईंचा आयुष्यात ऐकला नव्हता. त्यांच्या हातातली तिळगुळाची वाटी खाली पडली.

"नगं गं माझे बाय, परत चहा सोडू नगंस! ती अंडी दुकानातली हाईत! मीच आणून ठेवलीती!"

"पण... दुकानातली तर पांढरी असतात!"

"चहात बुडवलीती रातभर," आत्याबाई पदर डोळ्याला लावत म्हणाल्या. "तुझ्या वाटणीचा चहा रोज उरायचा न्हवं. तुझी ती दशा बघवंना मला. अकरा म्हणालीस, म्हणून अकरा ठेवली."

पंधरा बायका आधी तोंडाला पदर लावून हसल्या. मग पदर काढून हसल्या. आक्का तेवढ्या हसत नव्हत्या. "म्हणजे माझी कोंबडी तेवीस दिस चहाच्या अंड्यांवर बसलीती व्हय?"

हे मात्र संक्रांतीची मुदत विसरले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटरला मोठी टोपली बांधायला लागले. मुरगूडची तयारी!

मी खुराड्याच्या दारात जाऊन उभी राहिले. "आधी मला बांधा त्या टोपलीत. चुकली ती मी. कोंबड्यांनी कुठं नवस केला होता?"

"अगं, सरक."

"नाही सरकत! अंगावर नवी पिसं आल्यात त्यांच्या, दिवस वाढायला लागलाय. आठ दिवस द्या."

एवढ्यात मागून आवाज आला, "कॉक् कॉक् कॉक् कॉकाऽऽक!" अर्धी सोललेली म्हटलं ना, तीच! मी वळून हात घातला. पाल्यात अंडं! ऊबदार, लहानसं, बदामी.

आता कुणीही शहाण्या बाईनं काय केलं असतं? देवीपुढं ठेवलं असतं. मी काय केलं? वळून आत्याबाईंकडे बघितलं.

"अंबाबाईची शपथ, मी न्हाय!" त्या दारातनं ओरडल्या.

मी अंड्याचा वास घेतला. चहाचा नव्हता. पण आता माझा स्वतःच्या नाकावरही विश्वास उरला नव्हता. मी तडक नळाखाली गेले, नारळाची शेंडी घेतली आणि अंडं घासायला लागले. रंग जाईना. आणखी घासलं. जाईना! जोर लावला.

फट्!

बोटांतून बलक ओघळला. झेंडूच्या फुलासारखा केशरी. दुकानातल्या अंड्याला असला बलक सात जन्मांत यायचा नाही. हे जवळ आले, बलकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि स्कूटरची टोपली सोडली. कोंबड्या राहिल्या! बल्ब न लावता राहिल्या, हे मी आजही सगळ्यांना सांगते.

पण भिंतीवरून आक्का सगळं बघत होत्या.

"काय गं," त्या म्हणाल्या, "चहाची अकरा खोटी अंडी देवीची म्हणून पुजलीस, आणि देवीनं एक खरं दिलं तर ते घासून फोडलंस?"

मी हात धुतले आणि म्हटलं,

"आक्का, चहा घेणार?"