शालूवर बसलेली पंगत

खान्देशातला पोरगा लिहितोय म्हटल्यावर तुम्ही भरीत, शेवभाजी, केळीचे मळे यांची वाट बघत असणार. बघा बुवा. मी सांगतोय एका अळीबद्दल. जिऱ्याएवढी, तपकिरी, अंगभर केस.

ती सापडली आमच्या पिंप्राळ्याच्या घरी, आईच्या लग्नाच्या शालूत. ताईच्या साखरपुड्याला तोच नेसवायचं ठरलेलं आणि शिंदखेड्याचे पाहुणे दुसऱ्या दिवशी येणार. आईने पेटी उघडली, घडी उलगडली आणि मटकन खाली बसली. रेशमाला भोकंच भोकं. जरीची तार तेवढी सोडलेली, पचायला जड जात असेल.

"डांबरगोळ्या नव्हत्या टाकल्या?" पप्पांनी विचारलं.

"त्यांचा वास नाही आवडत मला. मी गजरा ठेवायची घडीत. दारचा मोगरा."

मी मोबाइलवर शोधलं. या अळ्यांचे आईबाप फुलांवर बसतात, फुलांसोबतच घरात येतात.

"म्हणजे दरवर्षी तूच त्यांना रिक्षा करून दिलीस, थेट पेटीपर्यंत," मी म्हणालो. आईने लाटणं शोधायला सुरुवात केली.

तिला एकच धास्ती. "पोरीला फाटकं नेसवलं म्हणतील. जन्मभर ऐकवतील तिला."

सकाळी तिने शालू असा नेसवला की भोकं सगळी निऱ्यांत गेली. पदरावरचं एक उरलं, त्यावर ब्रोच.

जेवणं झाली. मी नकला करतो हे कळल्यावर पाहुण्यांची पोरं मागे लागली, नक्कल करा, नक्कल करा. मी पंगतीत बाकीच्या अळ्यांना वाढणारी अळी केली. आवाज आईचा. "घ्या ना अजून थोडा पदर! लाजताय काय? काठ तर तसाच ठेवला तुम्ही!"

पोरं लोळायला लागली. आतून ताईच्या होणाऱ्या सासूबाई आल्या.

"कोणता पदर रे भाऊ?"

ताईचा हात ब्रोचवर. त्यांनी तो हळूच बाजूला केला, भोक बघितलं आणि खदाखदा हसल्या. "अवं, मना बी शालू असाच खाई टाका किडास्नी! ती अळी परत करी दखाड ना भाऊ!"

म्हणजे त्यांचाही शालू किड्यांनी खाल्लेला. ताईने श्वास सोडला. मी परत केली. दोनदा.

पाहुण्यांची गाडी वळली आणि आईने मला दारातच धरलं.

"त्या हसल्या म्हणून वाचलास. नसत्या हसल्या तर? तिला नांदायचंय त्या घरात, तुला नाही! जीभ आहे की कात्री? उद्यापासून घरात एक नक्कल केलीस तर जेवायला त्या अळ्यांकडेच जायचं!"

आत गेली. परत बाहेर आली.

"आणि काय रे, मी अशी नाकातून बोलते?"