पिवळं झबलं

लहान बाळांच्या कपड्यांपाशी गेले की नव्या कापडाच्या खळीचा वास येतो आणि माझा हात आपोआप मागे येतो.

नव्वदच्या सुमारास आम्ही नेरूळला नवीन राहायला आलो होतो. खालच्या मजल्यावर साताऱ्याकडची शालन राहायची. आठव्या महिन्यात ती जिने चढून वर आली. "वहिनी, तुमच्या समीरचं एखादं जुनं झबलं द्या की. बाळाला पहिलं जुनंच घालत्यात, आन् हितं आमचं कोन न्हाई."

समीरच्या झबल्यांवर दुधाचे, गुटीचे डाग होते. असलं कसं द्यायचं, म्हणून मला लाज वाटली. ह्यांचे बनियन आणायला स्टेशनजवळच्या दुकानात गेले, तेव्हा एक पिवळं झबलं घेतलं. घरी तीनदा धुतलं. खळ गेली, कापड मऊ पडलं. तेच मी समीरचं म्हणून दिलं.

शालनच्या बाळाची पाचवी पुजली आणि दुसऱ्या दिवशी ते गेलं.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तेव्हाही नव्हता.

महिन्याभराने ती झबलं धुऊन, घडी घालून घेऊन आली. "समीरचं हाय, वहिनी. जपून ठेवा." मी ते घेतलं आणि कपाटात समीरच्या झबल्यांवर ठेवलं.

डागांची झबली सगळी पुढे फरशी पुसण्यात गेली. कपाटात तेवढं एकच राहिलं.

काल दुकानात सुनेने एक नवं झबलं पोटाशी धरून पाहिलं.

"राहू दे, आई," ती म्हणाली, "पहिलं घालायला समीरचं पिवळं आहेच की." आणि तिने नवं परत ठेवलं.