सोळापट वेळ

माझी नात नांदेडला कॉलेजात शिकते. सुट्टीत आली की कॉम्प्युटर संगं घेऊन येते आणि ओसरीतल्या टेबलावर मांडते. त्यात विमान चालवायचा खेळ आहे. खेळ म्हणजे धडाधड गोळ्या झाडायच्या असं मला वाटलं होतं. हा तसला नव्हे. विमान उडवायचं आणि मग नुसतं बसायचं. ढग येतात, ढग जातात. दिल्लीला जायला खऱ्या विमानाला जेवढा वेळ लागतो तेवढाच ह्याला लागतो.

बायको गेल्यापासून दुपार काही केल्या सरत नव्हती. म्हणून मी बाज ओढून पोरीच्या मागं बसायला लागलो.

पहिल्याच दिवशी ती म्हणली, "आबा, नांदेडहून दिल्लीला निघालोय. वसमतच्या अंगानंच जायचं हाय, आपलं कुरुंदा बघा."

मी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, घातला. तेवढ्यात तिनं कसलंसं बटन दाबलं होतं आणि ढग मेंढरं हाकलल्यासारखे मागं पळून राहिले होते.

"गाव कुठाय?"

"गेलं की. हिंगोली बी गेली. मी वेळ सोळापट केला."

"आता गं! चष्मा पुसूस्तोवर सगळा जिल्हा गेला?"

"मंग काय आबा, दोन घंटे ढगच बघत बसू?"

उडताना आणि उतरताना वेळ नेहमीसारखा ठेवावा लागतो, न्हाईतर विमान आपटतं, असं तिनं सांगितलं. मधलं कोणी बघत न्हाई. मधलं पळवायचं.

खोटं काहून बोलू, ते बटन मला लई आवडलं. चहा झाला की एकदम जेवण, जेवण झालं की एकदम सकाळ. मधी रिकाम्या घरात फिरायचं कामच न्हाई. दोन-तीन दिवस माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. शेवटी एका दुपारी बोलून गेलो.

"पोरी, असलं एक बटन मला बी लाव. सोळापट. एकदाचा पोचतो तुझ्या आजीपाशी."

चेष्टा नव्हती ती. मनात होतं तेच तोंडावाटे आलं.

तिचा हात थांबला. मागं वळून न बघता म्हणली, "आणि मधी मी हाय, त्याचं काय? मी काय ढग हाय का?"

उठली आणि आत गेली. विमान तसंच पळत राहिलं. ते थांबवायचं कसं मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं परत नांदेडहून विमान काढलं. म्हणली, "आज पळवणार न्हाई. बसायचं तर पुरं बसा."

बसलो. खाली हिरवे-तांबडे तुकडे दिसले. आपलं शेत काही सापडलं न्हाई, पण डाव्या अंगाला सिद्धेश्वर धरणाचं पाणी बराबर दिसलं. मग मी बोलायला लागलो. म्हणलं, तुझ्या आजीला एसटीत खिडकीच लागायची. मी झोपलो की कोपर मारून उठवायची, कोणाची हळद कशी आली ते बघा म्हणायची.

"आजी विमानात बसली असती तर?"

"खिडकी मागितली असती. आणि मला दिल्लीपतुर कोपरं खावी लागली असती."

पोरगी हसली. आणखी सांगा म्हणली. मग मी हळद शिजवायचं सांगितलं. आता हळद शिजवायचे मोठाले कुकर घेऊन माणसं दारात येतात, पण तवा आमी कढईत शिजवायचो. वर पोती झाकायची, खाली जाळ. मला धीर नसायचा. झाली गं, काढू का, असं मी सारखं करायचो. ती गड्ड्यात काडी टोचून बघायची आणि मला हाकलायची, "तुमी तिकडं जाऊन बसा, हळदीला जाळाची तकलीफ न्हाई, तुमचीच हाय."

"काडी किती आत जायला पायजे?" नातीनं विचारलं. मी बोट धरून दाखवलं. दाखवता दाखवता मधले मुलूख कवा गेले, मला समजलं न्हाई.

दिल्ली आली. विमान खाली उतरून राहिलं तसे माझे पाय ताठ झाले.

"आबा, पाय काहून दाबून राहिले? बाजेला ब्रेक न्हाई."

चाकं धाडकन टेकली. पोरीनं नाक मुरडलं आणि हुबेहूब आजीच्या आवाजात म्हणली, "ऐकलं का हो, ह्या डायवराला धड चालवता येत न्हाई!"

मी हसलो. मग डोळे पुसले. तिनं बघितलं, पण बघितलं न्हाई असं केलं, आणि कॉम्प्युटर बंद करायला लागली.

"थांब. म्हाताऱ्याला दिल्लीलाच सोडती का? परत आण गावाला."

"सोळापट?"

"न्हाई. सगळं बघत येऊ."

ती चहा ठेवायला गेली. येताना सिद्धेश्वर उजव्या हाताला लागंल, म्हणून मी बाज टेबलाच्या उजवीकडं ओढून घेतली.