खडूच्या रेघा

भाटकारीणबाय, माझी मालकीण, सिनेमाच्या शूटिंगला घर द्यायची, पण आधी प्रत्येक वस्तूभोवती खडूने रेघ मारायची. शूटिंगवाले गेले की आम्ही दोघी खुर्ची, पेटी, टेबल ओढत त्या रेघांत नेऊन बसवायचो. फरशी पुसताना रेघा सोडून पुसायची, ही मला ताकीद. "बाबू येतलो. ताका आपलें घर वळखूंक जाय गो," ती म्हणायची.

बाबू तिचा एकुलता मुलगा. बोटीवर कामाला होता. समुद्रात पडला असा निरोप आला, पण तो सापडला नाही. तिचे दीर दर चतुर्थीला येऊन सांगायचे, "वहिनी, दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकूया. हे घर विकूया. तू आमच्याकडे पुण्याला चल."

"जित्या मनशाक अग्नी दिवचो?" ती विचारायची. 

घर उभं ठेवायचं तर कौलं शाकारायला हवीत, म्हणून शूटिंग. 'सायलेन्स' अशी आरोळी झाली की आम्ही स्वयंपाकघरात श्वास रोखून, खोकलासुद्धा दाबून बसायचो. ती माझ्या कानात पुटपुटायची, "घर म्हजें, आनी खोंकपाकूय हांची परवानगी!" मी पदर तोंडात कोंबून हसायची.

शेवटच्या शूटिंगमध्ये घरातला मुलगा वारल्याचा प्रसंग होता. आम्ही चहा घेऊन हॉलच्या दारात आलो. त्यांनी भिंतीवरच्या बाबूच्याच फोटोला हार घातला होता, पुढे दिवा लावला होता. एक नटी त्याच्यासमोर ऊर बडवून रडत होती. मी ट्रे बायच्या हातातून घेतला. ती रडणाऱ्या नटीकडे बघत राहिली. तिला स्वतःला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

प्रसंग संपला. मी कशीबशी बोलले, "तो फोटो हांच्या बाबूचो." शूटिंगवाल्यांचा माणूस धावला. "सॉरी आंटी, हार काढतो."

"रावंदी," असं म्हणत तिने त्याला अडवलं.

ते गेल्यावर मी खुर्ची ओढायला लागले. तिने मला थांबवलं. ओलं फडकं घेतलं, गुडघ्यांवर बसली आणि सगळ्या रेघा पुसून काढल्या. एक फिकट राहिली होती, तिच्यावर पुन्हा फडकं फिरवलं. हार तसाच राहिला.

चतुर्थीला दीर आले. ते काही बोलायच्या आधी तिनेच विचारलं, "दर्भ हाडला?"

दिरांनी दर्भ आणला, क्रिया झाली आणि ती त्यांच्याबरोबर पुण्याला गेली. गाडीत बसताना तिने मागे वळून घराकडे पाहिलंसुद्धा नाही.