नेझू-सानांनी उलटे बसवलेले ब्रेक

नेझू-सान अडुसष्ट वर्षांचे. जपानातल्या एका घाटाच्या पायथ्याशी त्यांचं गॅरेज. नट आवळला की त्याच्याकडे बोट दाखवून ते मोठ्यानं म्हणतात, "आवळला!" आसपास चिटपाखरू नसलं तरी. तरुणपणी रेल्वेत होते, तिथली ही शिस्त. मी चेष्टेनं विचारायचे, "नटाला ऐकू येतं का हो?"

"मला येतं ना," ते म्हणायचे.

मी गावोगाव फिरणारी नर्स. वरच्या वस्तीतल्या कियो-आजींच्या पायाची जखम मी धुते. तिथल्या बोळाएवढ्या रस्त्यात माझी एकोणीस वर्षांची बुटकी गाडीच मावते. मागच्या आठवड्यात घाट उतरताना ब्रेक इतके तापले की पेडल तळाला गेलं. हँडब्रेक ओढत, कड्याला गाडी घासत कशीबशी थांबवली. मग आजींना फोन करून सांगितलं, आता माझ्यानं येणं व्हायचं नाही. आजी नुसत्या "बरं" म्हणाल्या. त्यानंतर मला अन्न गोड लागेना.

नेझू-सानांनी भंगारातून माझ्या गाडीच्याच कंपनीच्या जड गाडीचे पुढचे ब्रेक शोधले, डिस्क आणि तिला चिमट्यात धरणारा कॅलिपर, दोन्ही मोठे. खोलले, घासले, नवी रबरं घालून बसवले. "आवळला! आवळला!" मग ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढायला मला गाडीत पेडलपाशी बसवलं.

"दाबा."

"दाबलं."

"सोडा."

बाटलीभर ब्रेक ऑइल संपलं, तरी पेडल मोचीच्या, म्हणजे कुटलेल्या भाताच्या, गोळ्यासारखं मऊच.

"चालेल हो मला एवढं," मी वैतागून म्हटलं.

"तुम्हाला चालेल. घाटाला नाही चालायचं."

ते चाकापाशी उकिडवे बसले आणि एकदम कपाळावर हात मारला. "अहो नर्सबाई, डावा कॅलिपर उजवीकडे बसवलाय मी! हवा काढायचा स्क्रू वर हवा, तो खाली गेलाय. हवा वरच अडकणार, खालून नुसतं ऑइल गळणार. इतकी वर्षं बोट दाखवतोय. आज नुसताच ओरडलो, बघितलंच नाही."

आणि माफी मागत ते माझ्यापुढे कमरेत वाकले. मला काय कळणार होतं? गुपचूप बदलले असते तरी मी धन्यवादच दिले असते. एवढ्या मोठ्या माणसानं माझ्यापुढे चूक कबूल केलेली पाहून मीही घाईघाईनं वाकले.

सगळं पुन्हा उतरवलं, पुन्हा चढवलं. या वेळी प्रत्येक नटाला दोनदा बोट. चार वाजता पेडल दगडासारखं झालं. आधी सपाटीवर चार वेळा थांबून पाहिलं, मग घाट चढलो.

माथ्यावर मी गाडी थांबवली. "तुम्ही चालवता का?"

"छे. उतरायचंय तुम्हाला रोज. मी बसतो शेजारी."

पहिल्या वळणावर घाबरून पेडलवर लाथच मारली. गाडी जागीच थांबली, दोघंही पट्ट्यांत लटकलो.

"अहो, दार तोडताय का? नुसता पायाचा अंगठा टेकवा."

दुसऱ्या वळणावर अंगठा टेकवला, गाडीनं ऐकलं. पुढे तोच कडा आला. माझ्या गाडीचा रंग अजून त्याला लागलेला.

"नेझू-सान, जळका वास येतोय का?"

वळून पाहिलं तर तोंड उघडं टाकून, तेलकट हात मांडीवर ठेवून ते गाढ झोपले होते. अख्ख्या घाटातला सगळ्यात उभा उतार, खाली दरी, आणि हा माणूस घोरत होता! आपल्या हातच्या कामावर एवढा विश्वास मी जन्मात पाहिला नव्हता. त्यांची झोप मोडू नये म्हणून मी एकेक वळण अलगद उतरले, आणि भीती कुठे गेली ते कळलंच नाही.

पायथ्याला गॅरेज दिसलं. मी थांबले नाही. गाडी वळवली आणि झोपलेल्या नेझू-सानांना घेऊन पुन्हा घाट चढायला लागले. आजींची जखम आठवडाभर कुणी धुतली नव्हती.