ज्याची बातमी, त्याच्या दारात

येवले सरांना मी प्रथम पाहिले ते सायकली हलवताना. पत्रकारितेच्या पदवीवर्गाला महाविद्यालयाने सायकल स्टँडमागची खोली दिली होती आणि दारात लावलेल्या सायकली बाजूला केल्याशिवाय आत शिरता येत नसे. विभागप्रमुख स्वतः ते काम करत होते. मी उमरेडहून एसटीने आलेलो, हातात प्रवेशाचा अर्ज. "ही एक बाजू धरा, मग आत बसून बोलू," ते म्हणाले. विद्यार्थ्यांनाही सर अहो-जाहो करत.

साठीच्या दशकात या पदवीची नागपुरात यथेच्छ टिंगल चाले. माझे वडील मागावर धोतरे विणत. तेही म्हणाले होते, "काहून गा, बातमी लिहाले बी कॉलेजात जा लागते काय?" त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत हसणाऱ्यांचा नव्हता. त्यांना शिकलेला वार्ताहर नकोच होता. सांगितलेले निमूट उतरवून घेणारा हवा होता. हे मी रागाने लिहीत आहे आणि तो राग लपवण्याचे मला काही कारण दिसत नाही.

सरांचा एक नियम होता. बातमी त्यांच्या टेबलावर ठेवण्याआधी, ती ज्यांच्याविषयी आहे त्यांच्या दारात जाऊन मोठ्याने वाचून दाखवायची आणि कागदाखाली त्यांची सही किंवा अंगठा घ्यायचा. आम्ही सारे कुरकुरत असू. उन्हातान्हात पुन्हा तेवढी पायपीट कोण करणार?

दुसऱ्या वर्षी एका वस्तीत नळयोजनेचे उद्घाटन झाले. उद्घाटक आमच्याच महाविद्यालयाच्या नियामक मंडळावर होते. मी मंडपात वाटलेले छापील पत्रक घेतले, पेढा खाल्ला आणि पत्रकच थोडे फिरवून लिहून टाकले, की घरोघरी पाणी पोहोचले. सरांनी कागद पाहिला. "कुणाला वाचून दाखवलंत?" मी मंडपातले पत्रक पुढे केले. त्यांनी कागद परत केला.

वस्तीतल्या पहिल्याच घरी सुभद्राबाई भेटल्या. त्यांच्या नळाला झेंडूची माळ अजून तशीच होती. माझे वाचन संपायच्या आत त्या हसू लागल्या. "बापू, नळ हाय ना. पाणी कुठं येऊन राहिलं त्याले? साहेब होते तवर आलं. साहेब गेले, पाणीबी गेलं." मी तोटी फिरवून पाहिली. शेजारच्या घरांतही पाहिली. सगळीकडे कोरडा ठणठणाट.

मी बातमी नव्याने लिहिली, सुभद्राबाईंच्या नावानिशी. वर्गाच्या सायक्लोस्टाइल अंकात ती आली आणि महाविद्यालय हादरले. प्राचार्यांनी माझ्यापुढे टाईप केलेले माफीपत्र ठेवले. 'सदर बाईंच्या घरी पाणी नसल्याचे वृत्त मी खातरजमा न करता लिहिले.' खातरजमा न करता लिहिली होती ती पहिली बातमी. तिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती! सही केली नाही तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येणार नव्हते, आणि प्रात्यक्षिकाशिवाय पदवी नव्हती.

मी सही करणार होतो. आज सांगायला लाज वाटते, पण करणार होतो. सर रागावले नाहीत. "पदवी तुमची आहे, मी अडवणार नाही. पण या कागदात सुभद्राबाई आहेत. त्यांना वाचून दाखवा, मग सही करा."

मी गेलो, वाचले. सुभद्राबाई भांडी घासायच्या थांबल्या. "म्हंजे माह्या घरी पाणी येऊन राहिलं, असं लिहून देऊन राहिला का तू?"

"नाहीतर परीक्षेला बसू देत नाहीत, मावशी."

त्यांनी राखेचा हात पदराला पुसला. "मंग आण तो कागद. लावतो मी अंगठा. तुह्या शिक्षणाचं नुकसान काहून करतं?"

अंगठा पुढे करून त्या उभ्या राहिल्या. मला तो कागद त्यांच्यापुढे धरवेना. मी तसाच परत आलो आणि प्राचार्यांना नाही म्हणून सांगितले.

माझे ते वर्ष गेले. सरांनी मंडळाला लिहून दिले, 'बातमी मी तपासली, जबाबदारी माझी.' त्याचे बक्षीस म्हणून त्यांचे प्रमुखपद काढून घेतले आणि वर्तमानपत्राची पायरीही न चढलेल्या गृहस्थांना दिले. सर त्याच खोलीत, त्या गृहस्थांच्या हाताखाली, निवृत्तीपर्यंत शिकवत राहिले.

पण माझे वर्ष गेले तेव्हा ते एसटीने उमरेडला आले, आमच्या मागाशेजारी बसले आणि वडिलांना म्हणाले, "तुमचा मुलगा नापास झालेला नाही. त्याला बसू दिलेलं नाही. यात फरक आहे." वर्षभर दर रविवारी त्यांनी मला धरमपेठेतल्या आपल्या घरी बोलावून शिकवले. सरांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, एकदाही जेवल्याशिवाय सोडले नाही. पुढच्या वर्षी मला पदवी मिळाली.

आता सरांची साठी. गौरवग्रंथासाठी लेख मागणारे गौरव समितीचे पत्र आले: 'कटू प्रसंग कृपया टाळावेत.' पत्राच्या माथ्यावरची काही नावे त्या वेळच्या मंडळातली आहेत. हार घालायला हेच पुढे! मी समितीला कळवले आहे की लेख छापायचा तर पुरता छापा, नाहीतर परत पाठवा.

सरांना पदावरून दूर करणारा ठराव महाविद्यालयाच्या दप्तरात अजून आहे. त्यात त्यांच्यासाठी 'बेजबाबदार' हा शब्द वापरला आहे. शाल पांघरण्याआधी तो शब्द खोडा. एवढेही जमणार नसेल तर शाल घरी ठेवा.

आणि सर, आपली प्रकृती ठणठणीत राहो, काकूंची साथ अखंड राहो, आपण शंभरी पार करा. हे औपचारिकपणे म्हणत नाही. तो शब्द खोडलेला आपण आपल्या डोळ्यांनी पाहायला हवा, आणि या मंडळींना वेळ लागेल.