आवाजाची इंजिनिअर

मी जर्मनीला निघाले त्या सकाळी मुकुटबनला पाऊस नव्हता, ऊनही नव्हतं. नुसता ओल्या मातीचा आणि शेंगा भरत आलेल्या सोयाबीनचा वास होता. शेजारच्या काकांची गाडी दारात उभी होती. आईनं माझ्या बॅगेत आमच्या वावरातल्या तुरीची डाळ कोंबली होती आणि वजन जास्त होईल म्हणून मी ती बाहेर काढत होते. शेवटी डाळ बॅगेत राहिली आणि बुटांचा एक जोड मागे राहिला. आई गाडीपर्यंत आली नाही. दारातूनच म्हणाली, "तिथं लय थंडी असते म्हणते. कान झाकत जाजो."

बाबा नागपूरच्या विमानतळापर्यंत आले. वणी गेलं, वरोरा गेलं, मोठा रस्ता लागला, तरी ते खिडकीबाहेर लोकांची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कशी आहे तेच बघत होते. गेटवर त्यांना थांबवलं. मी आत शिरले आणि मागून त्यांचा आवाज आला, "पोचली की फोन करजो! बराबर जेवजो!" माणसं वळून पाहायला लागली. बाबा नेहमी असेच बोलतात. समोर बसलेल्या माणसाशीही वावराच्या दुसऱ्या धुऱ्यावर, पार पलीकडच्या बांधावर, उभा असल्यासारखं बोलतात. मी संकोचून भराभर पुढे गेले. काचेतून मागे पाहिलं तर ते अजून काहीतरी सांगत होते. तोंड हलत होतं, आवाज येत नव्हता.

शहराचं नाव लाइपझिग. आई त्याला आजही लाइपशीक म्हणते, आणि आता मलाही तेच खरं नाव वाटतं. मी तिथं साउंड इंजिनिअरिंग शिकायला गेले होते. बाबा गावात सांगायचे, "पोरगी आवाजाची इंजिनिअर होऊन राह्यली." ऐकणाऱ्याला त्यातलं काय कळायचं कोण जाणे, पण इंजिनिअर हा शब्द पुरेसा होता.

पहिला हिवाळा मी खोलीतच काढला. तुमच्यापैकी जे असे दूर गेले असतील त्यांना ती खोली माहीत असेल. खिडकीबाहेर दुपारीच दिवा लागतो, आणि आपण घरच्या फोनवर "सगळं मस्त" असं सांगून कुकरच्या शिट्ट्या मोजत बसतो.

मग उन्हाळा लागला. माझ्या वर्गातली मार्ता नावाची पोलिश मुलगी एका रविवारी दुपारी मला एका जुन्या सूतगिरणीत घेऊन गेली. गिरणी कधीच बंद पडलेली. लाल विटांच्या भिंती, उंच धुराडं आणि मधल्या आवारात शे-दोनशे माणसं नाचत होती. आवाराभोवती पॉप्लरची झाडं होती. त्या दिवसांत त्यांचा कापूस उडतो. हवेत सगळीकडे पांढरे पुंजके तरंगत होते, लोकांच्या केसांत अडकत होते, स्पीकरसमोर आले की थरथरत होते. आणि खाली तो ठोका. गाणं नाही, शब्द नाहीत. एक ठोका, जो थांबत नाही, आणि त्याच्यावर काहीतरी इतक्या हळू बदलत जातं की बदललं हे आपल्याला नंतर कळतं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. मधल्या वेळात मला घर आठवलं नव्हतं. गाव सोडल्यापासून असं पहिल्यांदाच झालं होतं.

त्या आवाराचा फोटो मी बाबांना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. "सूतगिरणी हाय नं? मग तिथं कापूस कुठून येत होता?"

मार्तानं मला वाजवायला शिकवलं. एका कानात चालू असलेला ट्रॅक, दुसऱ्या कानावर हेडफोन आणि त्यात पुढचा ट्रॅक. दोन्हींचे ठोके जुळले की हळूच एकातून दुसऱ्यात जायचं. आम्हा आताच्या डीजेंना पूर्वीसारख्या तबकड्यांच्या पेट्या वाहाव्या लागत नाहीत. माझं सगळं संगीत एका पेनड्राइव्हमध्ये असतं, आणि ठोके जुळवून द्यायला मशीनवर बटणही असतं. ते दाबलं तर मार्ता हातावर चापट मारायची. शिक्षण संपलं तेव्हा माझ्याकडे एका स्टुडिओतली नोकरी होती. ती मी वर्षभरानं सोडली.

आता डीजेचंच काम करणार असं मी फोनवर घरी सांगितलं. आई म्हणाली, "डीजे? म्हणजे वरातीतला?"

"तसा नाही वं."

"मंग कसा?"

आमच्याकडे डीजे म्हणजे मेटॅडोरवर रचलेले स्पीकरचे डबे, मागे नाचणारी पोरं आणि हादरणाऱ्या खिडक्या. त्या चित्रात आपली पोरगी कुठे बसवायची हे आईला समजेना. पुढे कोणीतरी माझी एक रील गावात फिरवली. लग्नाकार्यात बायका तिला विचारू लागल्या, "तुमची पोरगी डीजे वाजवून राह्यली म्हणते, खरं हाय काय?" तिनं लग्नाकार्यात जाणंच कमी केलं. बाबा मात्र कोणी विचारलं की जुनंच उत्तर देत राहिले. "आवाजाची इंजिनिअर हाय."

ती वर्षं एका लांब स्वप्नासारखी आठवतात. स्टेशनं, विमानतळ, पाठीवरची छोटी बॅग. लिस्बनमधली नदीवरची दुपार, वॉर्सामधलं बर्फाचं अंगण. मध्येच कुठल्यातरी गाडीत जाग यायची आणि आपण कोणत्या देशात आहोत हे क्षणभर कळायचं नाही. आणि सगळ्यात मध्ये फोन. आजच्या काळात नुसतं वाजवून भागत नाही. वाजवतानाचं दिसावं लागतं. कार्यक्रम ठरवणारे आधी फॉलोअर बघतात, मग संगीत ऐकतात, कधी ऐकतही नाहीत. लोक माझ्यासमोर नाचायचे, पण त्यांचे हात वर असायचे ते फोन धरायला. तरी मी सुखात होते, हे खोटं नाही.

मग माझा डावा कान वाजू लागला. एक बारीक शिट्टी, रातकिड्यासारखी, न थांबणारी. आधी वाटलं, झोप झाली की जाईल. गेली नाही. हेडफोन लावला तर पुढच्या ट्रॅकमधले वरच्या पट्टीतले बारीक आवाज हरवलेले असायचे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, कानाच्या आतले बारीक केस मोडलेत, ते पुन्हा येत नाहीत. काही महिने मोठ्या आवाजापासून लांब राहा, मग बघू. मी ठरलेले सगळे कार्यक्रम रद्द केले. आमच्या धंद्यात महिनाभर दिसलं नाही तर लोक तुम्हाला विसरतात. मार्ता म्हणाली, "घरी जा." मी घरी आले.

हिवाळ्याचे दिवस होते. कापसाची वेचणी चालू होती. मी घरी सांगितलं, सुट्टी आहे. आईला ते खरं वाटलं नसावं, पण तिनं विचारलं नाही. मला वाटलं होतं, घरच्या शांततेत कानाला आराम पडेल. झालं उलटंच. बाहेर जितकं शांत, तितकी ती शिट्टी मोठी. मी रोज बाबांबरोबर वावरात जायचे. सकाळचं कोवळं ऊन, पांढरी पऱ्हाटी, वेचणाऱ्या बायकांच्या गप्पा, आणि या सगळ्यावरून काचेवर ओढलेल्या रेघेसारखा तो आवाज. मी पुन्हा वाजवू शकेन की नाही हे मला कळत नव्हतं, आणि वाजवता आलं नाही तर मी कोण, हेही.

एका दुपारी आम्ही धुऱ्यावरच्या चिंचेखाली डबा खात होतो. बाबा काहीतरी म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. मी दुसऱ्यांदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "काहून वं? कान दुखते काय?"

मी सगळं सांगून टाकलं. शिट्टी, डॉक्टर, रद्द केलेले कार्यक्रम. सांगताना रडले. बाबा खाली पाहत भाकरी कुस्करत होते.

"कशी वाजते?" त्यांनी विचारलं.

"रातकिड्यासारखी. थांबतच नाही."

"दिवसा बी?"

"दिवसा बी."

त्यांनी डबा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मले बी वाजते."

मला वाटलं, ते माझी समजूत काढताहेत. पण त्यांचा चेहरा माझ्याहून जास्त गोंधळलेला होता. "लग्नाच्या आधी सीझनले वणीच्या जिनिंगात, कापसाच्या मशिनीवर, जात होतो नं. तवापासून. मले वाटे, सर्वाइलेच ऐकू येते. हवेचाच आवाज असन."

मला हसावं की रडावं कळेना. इतकी वर्षं हा माणूस तो आवाज हवेचा समजून जगत होता. आणि त्याच्या वरून आपलं बोलणं पोचावं म्हणून ओरडत होता.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं एसटीनं पांढरकवड्यावरून यवतमाळला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. काचेच्या छोट्या खोलीत बसवून कानात बारीक आवाज सोडतात, ऐकू आला की बटण दाबायचं. आधी मी बसले, मग बाबा. मी बाहेरून बघत होते. ते डोळे मिटून, बटण दोन्ही हातांत धरून बसले होते. बराच वेळ त्यांनी बटण दाबलंच नाही. बाहेर आले तेव्हा चेहरा पडला होता. "काईच वाजवलं नाही त्यायनं," म्हणाले. डॉक्टरांनी मला हळूच सांगितलं, वाजवलं होतं.

माझा कान आहे त्याहून बिघडू नये, एवढंच करता येण्यासारखं होतं. बाबांना कानाचं मशीन मिळालं. वावरात ते पहिल्यांदा लावून गेले तेव्हा तुरीच्या ओळीपाशी थांबून राहिले. वाळलेल्या शेंगा वाऱ्यानं खुळखुळत होत्या. "हे असं वाजत असते काय?" असं म्हणून ते तिथंच उभे राहिले, आणि मीही.

ते मशीन फोनला जोडता येतं हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं. एका संध्याकाळी अंगणात खाटेवर बसून ते म्हणाले, "तुह्यं ते लाव."

मी लाजले. मग सूतगिरणीत मी वाजवलेलं एक जुनं रेकॉर्डिंग काढलं आणि लहान आवाजात त्यांच्या कानात सोडलं. मला स्वतःला काहीच ऐकू येत नव्हतं. मी फक्त त्यांचा चेहरा बघत होते. आई तांदूळ निवडता निवडता थांबली. बऱ्याच वेळानं बाबांनी विचारलं, "गाणं कवा येते?"

"येत नाही बाबा. हेच हाय."

"हेच हाय?"

"हो."

त्यांनी मशीन काढलं नाही. पाय हलके हलत होते, ते त्यांना माहीत नसावं. मग म्हणाले, "कापूस वेचतानी असंच होते. हात तेच करत राह्यते अन् मन कुठच्या कुठं जाते." आईनं माझ्याकडे पाहिलं. दोन दिवसांनी शेजारच्या काकू आल्या आणि पोरगी सध्या काय करते म्हणून विचारलं, तेव्हा मी आत होते. आईचा आवाज आला, "डीजे हाय ते. लाइपशीकले."

मी परत गेले. आता कान बंद करून वाजवते, खास बनवलेले बोळे घालून, आणि फक्त अशा ठिकाणी जिथं आवाज माझ्या सांगण्यावरून कमी ठेवतात. अशी ठिकाणं थोडी आहेत. माझं नाव पूर्वीइतकं दिसत नाही. आठवड्यातले काही दिवस मी मुलांना शिकवते, बटण दाबलं की त्यांच्या हातावर चापट मारते. शिट्टी आहेच. तिची सवय होईल म्हणतात. थोडी झालीही आहे.

घर म्हणजे काय असं कोणी विचारलं तर पूर्वी मी वास सांगितले असते, नाहीतर झाडं. आता वेगळं सांगते. इथं लाइपझिगमध्ये मी दिवसभर न ऐकू आलेल्या गोष्टींना मान डोलावते. दुकानात, स्टेशनवर, ओळखीच्या लोकांतही. काय म्हणालात, असं दुसऱ्यांदा विचारायची लाज वाटते. रविवारी घरी फोन लावला की स्क्रीनवर दोघं असतात. आई काहीतरी बोलते. मी म्हणते, "काय?" बाबा मशीन चार्जिंगला ठेवून आलेले असतात, तेही म्हणतात, "काय म्हणलं?" आई कपाळाला हात लावते. पुन्हा सांगते, आम्ही पुन्हा विचारतो. मग ती फोन तोंडाशी नेते, पडद्यावर तिची नुसती हनुवटी दिसते, आणि ती सगळ्या मुकुटबनला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडते, "जेवली काय, इचारून राह्यली!"